वाळूतलं झाड

चिमटेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते त्यांना बेकरीत चिकटलं. काकांचा सगळा जन्म पावाच्या भट्टीवर गेला. तापलेले ट्रे काढायची वेळ आली की बाकीची माणसं चिमटा शोधायची, फडकी भिजवायची, फडकं कुणी पळवलं म्हणून एकमेकांच्या नावानं शंख करायची. काका नुसत्या हातानं ट्रे ओढून फळीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "चिमटा कशाला हवा, मी आहे ना." मालकानं एकदा गमतीनं "ए चिमटा" अशी हाक मारली आणि तीच हाक पुढं कायमची झाली. वय वाढलं तसं तिला काका हे शेपूट लागलं, एवढंच.

या हातांचा काकांना अभिमान होता. खरं बोलायचं तर माज होता. तळव्याची कातडी जुन्या चपलेच्या तळासारखी झाली होती. उकळत्या चहाचा पेला ते काठाला न धरता पोटाला धरायचे आणि समोरचा फुंकर मारत बसला की गालातल्या गालात हसायचे. ज्याला भाजतं तो नाजूक, ज्याला टोचतं तो नाजूक, आणि नाजूक माणूस काय कामाचा, असा त्यांचा साधा हिशेब होता.

काम सुटलं तेव्हा घरी तिघं होती. त्यातला मुलगा मोठे टँकर चालवायचा, म्हणजे धरला तर घरात, सोडला तर रस्त्यावर. बायको पूर्वीच गेलेली. उरली सून. सून एका सलूनमध्ये केस कापायची. सलूनच्या मालकीणबाई कडक, पण पारखी. त्यांनी नुकतीच तिला खिडकीजवळची खुर्ची दिली होती. खिडकीजवळची खुर्ची म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला जी पहिली दिसते ती. "ती आहे का आज?" असं विचारून बायका यायला लागल्या होत्या आणि सून संध्याकाळी घरी येताना जरा गुणगुणत यायची.

घरात दिवसभर करायचं काय, म्हणून काकांनी माशांचा नाद धरला. आधी गोड्या पाण्याची टाकी, मग ती धाकटी वाटायला लागली म्हणून खाऱ्या पाण्याची. बसायच्या खोलीत सोफ्यासमोर टीव्हीची जागा टाकीनं घेतली. केशरी पट्ट्यांच्या माशांची एक जोडी होती, पोवळ्याचे दोनतीन तुकडे होते आणि वाळूत बीळ करून राहणारा एक पिवळा, बोटाएवढा मासा होता. तो दिवसभर बिळाच्या तोंडाशी छाती काढून उभा असायचा, म्हणून काकांनी त्याचं नाव हवालदार ठेवलं होतं. काका सकाळी उठून दात घासायच्या आधी हवालदाराला बघून घ्यायचे.

माणूस हुशार, नजर बारीक. थोड्याच दिवसांत इमारतीतले आणि आसपासचे लोक मोबाईलवर फोटो घेऊन विचारायला यायला लागले की काका, हे काय आहे. काका चष्मा कपाळावर चढवून सांगायचे. पोवळं कोणतं आणि समुद्रफूल कोणतं, यात नवी माणसं हमखास गडबडतात. समुद्रफूल म्हणजे दुकानदार ज्याला ॲनिमोन म्हणतात ते. दिसायला फूल, पण आहे प्राणी, आणि त्याच्या भुजांना डंख असतो. काकांनी त्याची एक खूण ठरवली होती आणि ती ते सगळ्यांना ऐकवायचे. "तोंडं मोजा. पोवळ्याला तोंडं शंभर, समुद्रफुलाला एकच, बरोबर मधोमध."

एकच अडचण होती. जन्मभर भट्टीत पावाचं लांब फावडं मारून काकांचा उजवा खांदा आखडला होता आणि डावा त्याच्या मागोमाग निघाला होता. हात कोपरापर्यंत पाण्यात जायचा, त्याच्या खाली जाईना. त्यामुळे तळाचं काही सरकवायचं असलं की सुनेला हाक. ती बिचारी कामाला निघायच्या घाईत ओढणी खोचून, पाटावर उभी राहून हात घालायची. एकदा तिनं हातमोजे आणले सलूनमधले, केसांना रंग लावताना घालतात ते. काका म्हणाले, "हातमोजे घालणाऱ्यानं मासे पाळू नयेत. गोट्या पाळाव्यात." सुनेनं हातमोजे परत पर्समध्ये टाकले.

तर एकदा काका पाळायचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याच्या दुकानात गेले. तिथं पसरट ट्रेमध्ये नवीन माल उतरवला होता आणि त्यात एक झाड होतं. झाडच म्हणायचं. वीतभर उंच, तपकिरी, मधून हिरवट झाक, फांद्यांना फांद्या फुटलेल्या आणि टोकांना बारीक गोंडे. निळ्या दिव्याखाली ते असं काही हलत होतं की काका बघतच राहिले.

"काय रे हे?" काकांनी विचारलं.

"काय की," मासेवाला म्हणाला. "पेटीवर काही लिहिलेलं नव्हतं. तुम्हीच सांगा. तुम्ही सांगितलंत की मी तीच पाटी लावतो."

काकांनी बोटांची टोकं पाण्यात बुडवून फांदीला लावली. जरासं चिकटल्यासारखं झालं, बस. ना टोचलं, ना भाजलं. मग तोंडं मोजायचं त्यांच्या मनातही आलं नाही. बोटांनी सांगितलं तेवढं त्यांना पुरे होतं.

"मऊ पोवळं आहे," काका म्हणाले. "गाईसारखं गरीब."

"मग पाटी लावू?"

"पाटी कशाला, मीच नेतो."

घरी आणल्यावर झाड सुनेनंच तळाच्या वाळूत ठेवलं, पण पिशवीतूनच अलगद सोडून, हात न लावता, त्यामुळे तेव्हा काही झालं नाही. चार दिवसांनी काकांना वाटलं की झाड जरा उजवीकडे हवं, सोफ्यावरून नीट दिसत नाही. सून चप्पल घालत होती. तिनं चप्पल काढली, पाटावर चढली, बाही वर केली आणि हात आत घातला. झाडाला जागा करायला बाजूचा दगड सरकवताना तिच्या हाताची आतली बाजू, मनगटापासून कोपरापर्यंत, फांद्यांना घासली.

ती ओरडली नाही. नुसता मोठा श्वास आत ओढला आणि हात बाहेर काढला. "बाबा, भाजलं."

"पाण्यात कसं भाजेल?"

"आग होतेय हो. खूप आग होतेय."

"अगं, मी स्वतः हात लावून आणलंय ते. काही नाही होत. नळाखाली धर आणि चांगलं चोळून काढ साबणानं. चिकट असतं जरा, निघून जाईल."

तिनं नळाखाली धरलं आणि चोळलं. चोळल्यावर तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. काका म्हणाले, "आमच्या भट्टीवर तू एक दिवस टिकली नसतीस. नाजूक आहेस फार." हे ते हसत म्हणाले. सुनेनं ओढणीनं डोळे पुसले आणि कामाला गेली.

दुसऱ्या दिवशी हातावर फांद्यांचाच ठसा उठला. लालभडक, फुगलेला, मधून मधून पाण्याचे फोड. सून डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी विचारलं, घरात नवीन काही आलंय का. तिनं टाकीचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, लावा फोन घरी, विचारू. फोन आला तेव्हा काका माशांना दाणे टाकत होते.

"तुमच्या टाकीत डंख मारणारं काही आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे," काका म्हणाले. "साधं मऊ पोवळं आहे. मी रोज हात घालतो. तिची कातडीच तशी आहे, डॉक्टर. तिला लोकरीनंसुद्धा पुरळ येतं."

रोज हात घालतो, हे खोटं होतं. दुकानात एकदा बोटं टेकवली होती तेवढीच. लोकरीचंही उगाच. पण बोलण्याच्या ओघात माणूस बोलून जातो, तसे काका बोलून गेले. डॉक्टरांनी मग मलम दिलं आणि म्हणाले, नक्की काय आहे ते सांगता येत नाही, लागण असेलही, बरं होईपर्यंत टॉवेल वेगळा ठेवा.

सून खरं बोलणारी. तिनं सलूनमध्ये जाऊन टॉवेलचं सांगितलं. मालकीणबाईंनी तिचा हात पाहिला, मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या बाईंचा चेहरा पाहिला, आणि म्हणाल्या, "तू घरी थांब काही दिवस. हे काय आहे ते कळल्याशिवाय मला तुला माणसाच्या डोक्याला हात लावू देता येणार नाही. आणि खुर्ची किती दिवस रिकामी ठेवता येईल तेही मला सांगता येणार नाही."

सून घरी बसली. घरी बसली म्हणजे खरोखर बसली. टाकीसमोरच्या सोफ्यावर, मांडीवर हात उताणा ठेवून. गुणगुणणं बंद. मुलाचा फोन आला की "बरं आहे" एवढंच. काका तिच्यासमोरून जाताना उगाच खाकरायचे.

असे दिवस चालले असताना एका सकाळी हवालदार दिसेना. बिळाचं तोंड ढासळलेलं. काकांनी टॉर्च मारून कोपरे पाहिले, दगडांमागे पाहिलं.

"तू काल जास्त खायला घातलंस का त्यांना?" त्यांनी सुनेला विचारलं.

"मी टाकीजवळ गेलेच नाही, बाबा."

"मग कमी पडलं असेल. बुजला असेल कशाला तरी." हेही बोलणं तिच्यावरच जाऊन पडत होतं आणि ते काकांना ऐकू येत होतं, पण त्यांनी ते तसंच पडू दिलं.

सून भाजी आणायला गेली तेव्हा काका काचेला नाक लावून बसले. सगळीकडे बघून झालं होतं, फक्त झाड राहिलं होतं. झाड फुललेलं होतं आणि त्याच्या बरोबर मधोमध, फांद्यांच्या बेचक्यात, एक पिवळं शेपूट दिसत होतं. शेपूट हळूहळू आत चाललं होतं. ज्यात चाललं होतं ते तोंड होतं. एकच तोंड. मधोमध.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग काचेवर टिचकी मारली, जोरात. झाडानं सगळ्या फांद्या गोळा केल्या आणि सरसर वाळूत खाली गेलं. जिथं झाड होतं तिथं वाळूत एक खळगा राहिला. पोवळं असं जमिनीत शिरत नाही. पोवळ्याला पळून जायला पाय नसतो. हे काकांनी कितीतरी जणांना शिकवलेलं होतं.

ते सोफ्यावर बसले, सून जिथं बसायची तिथंच. हवालदार गेला याचं दुःख व्हायला हवं होतं, पण त्यांना आठवत होता तो नळ. "चांगलं चोळ." मग डॉक्टरांचा फोन आठवला. मग लोकर आठवली. एकेक आठवत गेलं तशी त्यांची मान खाली जात गेली.

आता सांगायला हवं होतं. सून भाजीची पिशवी घेऊन आली, पंखा लावून समोर बसली आणि म्हणाली, "सापडला का हवालदार?" काकांनी तोंड उघडलं. झाडाचं सांगायचं म्हणजे नळाचं सांगायला हवं, नळाचं सांगायचं म्हणजे डॉक्टरांचं, डॉक्टरांचं सांगायचं म्हणजे खुर्चीचं. एवढं सगळं एका दमात तोंडातून निघेना.

"नाही," ते म्हणाले. "मेला असेल."

मनाशी त्यांनी एक सोपी वाट काढली. झाड गुपचूप काढायचं, मासेवाल्याला परत द्यायचं, आणि मग सावकाश, बोलता बोलता, कधीतरी सांगायचं. चूक करणं एक आणि चूक कळल्यावर मूग गिळून बसणं एक, यातलं दुसरं जास्त वाईट हे त्यांना कळत होतं. कळूनही ते मूग गिळून बसले.

दुसऱ्या दिवशी सून शेजारी गेलेली पाहून त्यांनी अर्ध्याहून जास्त पाणी बादल्यांत काढलं, म्हणजे अंगासकट आत वाकता येईल आणि खांदा आखडलेला असला तरी हात तळाला पोचेल. स्टुलावर चढले. झाडाच्या बुडाशी, वाळूत बोटं खुपसून त्याचा पाय तळाच्या काचेपासून सोडवायला लागले. बोटांना काहीच कळत नव्हतं. पण झाड आत ओढलं जाताना फांद्या उलट्या वळल्या आणि काकांच्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वर, जिथं भट्टी कधी पोचली नव्हती, जिथं कातडी सुनेच्या हाताइतकीच मऊ होती, तिथं चिकटल्या.

काका स्टुलावरून उतरले ते कसे उतरले त्यांनाच ठाऊक. भट्टीचं भाजणं त्यांना माहीत होतं. ते येतं आणि जातं. हे येऊन राहिलं आणि वाढत गेलं. ते नळाकडे धावले, तोटी फिरवली, आणि साबणाकडे हात नेताना थांबले. डंखाला गोडं पाणी वाईट आणि चोळणं त्याहून वाईट, हे आता आठवलं. तोटी बंद केली. टाकीचंच खारं पाणी तांब्यानं हातावर ओतत मोरीत बसून राहिले. त्यांनी दात आवळले होते आणि मनात एकच वाक्य घुमत होतं, की हिनं तर हात चोळला होता.

सून यायच्या आत त्यांनी पाणी परत टाकीत भरलं, लादी पुसली आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घातला.

उन्हाळ्याचे दिवस. पंखा गरम हवा फिरवत होता. काका घरात गळ्यापर्यंत बटणं लावून बसायला लागले. सुनेनं एकदा विचारलं, "कुणाच्या लग्नाला निघालात का, बाबा?" काका म्हणाले, "म्हातारपणी थंडी वाजते." सुनेनं त्यांच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि पंखा वाढवला.

काकांचे केस सूनच कापायची. गॅलरीत स्टूल टाकून, गळ्याभोवती जुनी चादर गुंडाळून. केस वाढले होते, आणि तिलाही हाताला काहीतरी काम हवं होतं. ती म्हणाली, "बसा, कापून टाकते. सदरा काढा, केस आत जातात."

"असू दे. राहू दे सदरा."

"दरवेळी काढता."

"म्हटलं ना, असू दे."

तिनं चादर गुंडाळली आणि उजव्या बाजूनं कापायला सुरुवात केली. कात्रीचा आवाज चालू होता. केस कानात गेला. काकांनी नकळत चादरीतून हात काढून कान झटकला आणि बाही कोपरापर्यंत घसरली.

कात्री थांबली.

काकांनी हात आत घ्यायला हवा होता, पण हात तसाच वर राहिला, शाळेत पकडलेल्या पोरासारखा. लाल फांद्या. अगदी सुनेच्या हातावर होत्या तशा. तिच्या आता तपकिरी पडल्या होत्या, यांच्या ताज्या होत्या.

तिनं कात्री खाली घेतली आणि ठसा नीट पाहिला. मग म्हणाली, "चोळलं नाहीत ना?"

"नाही."

"बरं केलंत. मी चोळलं होतं."

कात्री पुन्हा चालायला लागली. ती भांडली असती तर काकांनी ऐकून घेतलं असतं, दोन शब्द उलट बोलले असते, काहीतरी तोंड लपवायला मिळालं असतं. तिनं काहीच दिलं नाही. उजवी बाजू संपवून ती डावीकडे आली आणि तेवढ्यात काका उठले. चादर सोडून स्टुलावर टाकली.

"अहो, अर्धंच झालंय."

"येतो," काका म्हणाले आणि जिना उतरले.

सलून दोन गल्ल्या पलीकडे होतं. काका अर्ध्या डोक्यानं निघाले. उजवीकडून बघणाऱ्याला नीटनेटका माणूस दिसत होता आणि डावीकडून बघणाऱ्याला वेडा. पानाच्या टपरीवरच्यानं विचारलं, "काका, कात्री मोडली का?" काका चालत राहिले. लोक हसत होते आणि काकांना वाटत होतं, हसू देत, हे तर काहीच नाही.

सलूनमध्ये मालकीणबाई एका जाड्या बाईंच्या डोक्याला रंग लावत होत्या. खिडकीजवळच्या खुर्चीला एक नवीन मुलगी हात बांधून रेलून उभी होती. खुर्ची गेली, हे काकांना तिला बघूनच कळलं.

"बसा, काका," मालकीणबाई म्हणाल्या. "हे कुणी केलं?"

"सुनेनं. उरलेलंही तीच करेल. मी सांगायला आलोय. तिच्या हाताला लागण वगैरे काही नाही. हे बघा, मलाही तेच झालंय." आणि काकांनी बाही वर करून हात पुढे केला.

याचा परिणाम काकांना वाटला होता त्याच्या बरोबर उलटा झाला. मालकीणबाई एक पाऊल मागं सरकल्या. रंगवाल्या बाईंनी पाय खुर्चीवर घेतले. नवीन मुलीनं कंगवे उचलून पाठीमागं धरले.

"म्हणजे आधी तिला, आता तुम्हाला," मालकीणबाई म्हणाल्या. "अहो, यालाच लागण म्हणतात."

काकांचा हात हवेत राहिला. आपल्यापासून माणसं अंग चोरतात तेव्हा कसं वाटतं, ते त्यांना त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. सुनेला ते किती दिवस माहीत होतं.

"घरी चला," ते म्हणाले. "टाकीत आहे ते. डोळ्यांनी बघा आणि मग काय ते ठरवा."

"माझ्या गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग आहे."

"मीपण येते," रंगवाल्या बाई म्हणाल्या. "रंग चढायला वेळ आहेच. इथं बसून तरी काय करू, भिंत बघू?"

अशी ती वरात निघाली. पुढं अर्ध्या डोक्याचे काका, मधे मालकीणबाई आणि मागं डोक्याला प्लास्टिकची टोपी घातलेल्या बाई. सुनेनं दार उघडलं आणि तिला कुणाकडे बघावं ते कळेना.

टाकीत झाड नव्हतं. वाळूत नुसता खळगा.

"कुठंय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"आत आहे. येईल वर." काकांनी स्वयंपाकघरातून सोललेल्या कोळंबीचा तुकडा आणला आणि पोळ्या भाजायच्या लांब चिमट्यात धरून खळग्यावर नेला. वास सुटला की येईल, एवढंच त्यांना माहीत होतं. तिघी उभ्या होत्या. वर काही येईना. रंगवाल्या बाईंनी टोपीवरून डोकं खाजवलं. चौघांनी एका खळग्याकडे बघत उभं राहायचं म्हणजे कुणीतरी बोलायलाच हवं, आणि बोलण्यासारखं फक्त काकांकडेच होतं.

"मीच आणलं हे," काका टाकीकडे बघत म्हणाले. "पोवळं म्हणून. समुद्रफूल आहे, डंख मारणारं. ओळखता आलं असतं मला. तोंड एकच आहे. मी बघितलंच नाही. हिला म्हटलं, घाल हात. हिला भाजलं तर म्हटलं, चोळ. नाजूक म्हटलं."

 काकांनी चिमटा पाण्यात जरा खाली नेला.

"डॉक्टरांचा फोन आला तर त्यांना सांगितलं, मी रोज हात घालतो. कधीच घातला नव्हता. लोकरीनं पुरळ येतं म्हटलं. हिला लोकरीनं काही होत नाही. नंतर हवालदार गेला... मासा होता एक. तेव्हा मला कळलं हे काय आहे ते. तरी मी गप्प बसलो. हिची खुर्ची जात होती आणि मी गप्प बसलो."

"पण आणताना तुम्ही हात लावलात की," मालकीणबाई म्हणाल्या. "तेव्हा तुम्हाला कसं काही झालं नाही?"

काकांनी मोकळा हात उताणा करून त्यांच्यासमोर धरला. "भट्टीवर होतो. या हातांना काही कळत नाही."

मालकीणबाईंनी तळवा पाहिला. रोज माणसांची कातडी बघणारी बाई ती. त्यांनी एक बोट काकांच्या तळव्याला लावलं, मग न घाबरता मनगटाच्या आतल्या बाजूला लावलं, आणि मान हलवली.

तेवढ्यात वाळू हलली. आधी एक गोंडा वर आला, मग फांदी, मग सगळं झाड, चोरासारखं हळूहळू. कोळंबी लागताच फांद्या मिटल्या आणि तुकडा मधोमध गेला.

"अगं बाई," रंगवाल्या बाई म्हणाल्या. "खाल्लं की त्यानं."

मालकीणबाई काचेजवळ वाकल्या. झाडाकडे पाहिलं, सुनेचा हात धरून त्यावरचा ठसा पाहिला, परत झाडाकडे पाहिलं. "उद्या ये," त्या म्हणाल्या. "खिडकीची खुर्ची मात्र आता लगेच देता यायची नाही. त्या मुलीला मी शब्द दिलाय. बेसिनजवळची घे, मग बघू." मग रंगवाल्या बाईंकडे वळल्या. "चला, नाहीतर काळ्याचं निळं होईल."

दार लागलं. खोलीत काका, सून आणि ते झाड राहिलं. काकांना सुनेकडे बघवेना.

"उद्या परत देतो मासेवाल्याला," ते म्हणाले.

"आणि तो ते कुणाला तरी पोवळं म्हणून विकेल." सून टाकीकडे बघत होती. "राहू दे. पण वेगळ्या टाकीत, एकटं. त्याच्यासोबत मासे नकोत. वाळू जास्त हवी त्याला, बघा किती खाली गेलं होतं. आणि हातमोजे. कोपराच्या वर जातील असे. तुम्हालाही."

"हो."

"नाजूक म्हणालात ते मला लागलं होतं, बाबा."

"हो," काका म्हणाले. ते पुरे झालं असं तिनं म्हटलं नाही.

झाडाला वेगळी टाकी मिळाली. उंच, खोल वाळूची, वर चांगला दिवा असलेली. काका त्याला पोळ्यांच्या चिमट्यानं भरवतात. स्वयंपाकाला दुसरा चिमटा आणावा लागला. फोटो घेऊन माणसं अजून येतात. काका तोंडं मोजतात, दोनदा मोजतात, आणि तरी म्हणतात, "हात घालू नका, घालायचाच तर हातमोजा घाला." एकानं विचारलं, "काका, तुम्हीच म्हणायचात ना, हातमोजेवाल्यांनी गोट्या पाळाव्यात?" काका म्हणाले, "म्हणायचो."

केस कापायला ते आता सलूनमध्येच जातात. सून बेसिनजवळच्या खुर्चीवर असते. खिडकीची खुर्ची तिला अजून मिळालेली नाही. एकदा काका चादर गुंडाळून बसलेले असताना शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी सुनेच्या हाताकडे बोट केलं. लाली गेली होती, पण फांद्यांचा तपकिरी ठसा राहिला होता. तो जाईल की नाही, ते डॉक्टरांनाही सांगता आलेलं नव्हतं.

"हे गोंदवलंस का गं?" बाईंनी विचारलं.

"नाही," सून म्हणाली. "सासरकडून मिळालंय."

सगळं सलून हसलं. मालकीणबाईही हसल्या. काकाही हसले, कारण न हसून करणार काय. मग आरशात त्यांना सुनेचा हात दिसला, अगदी आपल्या कानाजवळ, आणि त्यांची मान आपोआप खाली गेली.

सुनेनं त्यांच्या हनुवटीला बोट लावून मान वर केली.

"मान सरळ ठेवा, बाबा," ती म्हणाली. "नाहीतर वाकडे कापले जातील."